रिकाम्या फाइलीचा कौल

रविवारी सकाळी चांद्याच्या भैरोबाच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा उरली नव्हती. गाव तर लोटलंच होतं, पण भूगावच्या उंच इमारतींतून मोटारी भरभरून माणसं आली होती, लवळ्याच्या कॉलेजांतली पोरं रिक्षा करून आली होती, आणि हिंजवडीच्या कंपन्यांतले तरुण, सुट्टीच्या दिवशीही गळ्यातला ओळखपत्राचा पट्टा न काढणारे, पहिल्या रांगेत मांडी ठोकून बसले होते. आणि ही सगळी जत्रा कशासाठी, तर एका लॅपटॉपच्या दर्शनासाठी.

लॅपटॉप पाटावर होता. खाली लाल कापड, वर झेंडूचा हार, झाकणावर हळदकुंकवाचा टिळा. त्याच्यावर रोज पाण्याचा अभिषेक व्हायचा, मात्र त्याआधी कीबोर्डला प्लास्टिकचं कव्हर घातलं जायचं. पाण्याला भिणारा देव चांद्याने पहिल्यांदाच पाहिला होता, पण तसं बोलून दाखवायची कोणाची छाती नव्हती. मागे वरातीतला एलईडी पडदा भाड्याने आणून उभा केला होता, आणि त्याला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं होतं, तेही एवढं खाली की पडद्याचा वरचा काठ पार झाकून जावा.

पाटामागे शून्यानंद महाराज. भगवी कफनी, कपाळभर भस्म, कानात ब्लूटूथ. महाराजांचं म्हणणं साधं होतं: विश्व शून्यातून निर्माण झालं, शून्य भारताने शोधलं, आणि ते शून्य सध्या चांद्यात मुक्कामाला आहे.

"ही अक्षय फाइल," महाराज पडद्याकडे बोट करून म्हणाले. "हिचं वजन बघा. किती लिहिलंय?"

"शून्य," पटांगण म्हणालं.

"एक अक्षर सापडणार नाही एवढी रिकामी. आता मी हिला हाक मारतो."

महाराजांचा शिष्य निषाद लॅपटॉपवर उपरणं टाकून त्याखाली हात घालून काहीतरी बडवायचा. पडदा काळाभोर व्हायचा, आणि तोरणाच्या पानांखालून पांढऱ्या आकड्या-अक्षरांची एक लांबलचक ओळ झरकन उमटायची, मध्ये मध्ये आडव्या रेघा असलेली. पुन्हा हाक मारली की नवी ओळ. तिसऱ्यांदा आणखी नवी. रिकाम्या घागरीतून पाण्याची धार लागावी तसला प्रकार, आणि घागर पुन्हा दाखवावी तर शून्यच.

ओळीचा अर्थ महाराज लावायचे. पहिली खूण आकडा असेल तर देवाचा होकार. पहिली खूण इंग्रजी अक्षर असेल तरीही होकारच, पण आधी विधी करावा लागेल. आणि दर ओळीत तिसऱ्या तुकड्याची सुरुवात चाराने व्हायची, अगदी न चुकता. ती चार वेदांची सही, असं महाराज म्हणाले की हिंजवडीच्या पोरांच्याही अंगावर काटा यायचा. एवढी शिकलेली पोरं, पण यंत्राला आज्ञा टाइप करायचा तो काळा पडदा त्यांच्यातल्या बहुतेकांनी कधी उघडूनच पाहिला नव्हता.

शंकेखोरांसाठी महाराजांकडे जालीम औषध होतं. ज्याला वाटेल त्याने आपला पेनड्राइव्ह लावावा आणि अक्षय फाइल त्यात ओढून घ्यावी. दोघातिघांनी घेतली. पेनड्राइव्हमध्ये फाइल यायची, उघडून पाहावी तर कोरी करकरीत.

"देव डबीत मावत नाही, बाळांनो," महाराज म्हणायचे, आणि बाळं पाया पडायची.

या गर्दीत खांबाला टेकून साधना बसली होती. साधना म्हणजे गावातल्या हैबतरावांची सून, हिंजवडीच्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळणारी. दिवसभर तोच काळा पडदा तिच्यापुढे असायचा. ती हौसेने आलेली नव्हती, सासूला गाडीतून आणायचं म्हणून आली होती. पडद्यावर पहिली ओळ उमटली तेव्हाच तिची भुवई वर गेली. पहिल्या तुकड्यात आठ खुणा, मग चार, चार, चार, मग बारा. हे सोंग तिच्या रोजच्या ओळखीचं होतं. आणि ते तोरण एवढं खाली का, हेही तिच्या लक्षात आलं.

पण बोलायच्या आत सासूचा नंबर लागला.

रंभाबाईंच्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू. आतलं दडपण वाढत चाललेलं, उजवा डोळा निम्मा गेलेला, डाव्याची कड झिजायला लागलेली. पुण्यातल्या डॉक्टरांनी गुरुवारी ऑपरेशन ठरवलं होतं आणि बजावलं होतं की या रोगात उशीर परवडत नाही. रंभाबाई काठी टेकत पुढे गेल्या आणि म्हणाल्या, "देवा, आपरेशन करू का?"

निषादने त्यांना हळूच अडवलं. देवाला प्रश्न असा विचारायचा नसतो म्हणाला. तो नीट बसवून विचारायचा. मग त्यानेच मोठ्याने पुकारलं, "भक्ताचा प्रश्न, ऑपरेशन टाळावं का?"

उपरण्याखाली खडखड झाली. ओळ आली. सुरुवातीला सात.

"होकार," महाराजांनी डोळे मिटले. "टाळावं. शस्त्र देवाला मान्य नाही."

पटांगणाने टाळ्या वाजवल्या. साधनाने सासूला हाताला धरून गाडीकडे नेलं.

घरी येऊन बघते तर पुढचं पान आणखी वाईट. रंभाबाईंनी डोळ्यांत घालायचे थेंबही सोडले होते. पंधरा दिवसांपूर्वीच बाटली महाराजांच्या त्यागाच्या ताटात, जिथे भक्त आपापली औषधं सोडायचे, ठेवून आल्या होत्या आणि त्याजागी तीर्थ घालत होत्या. डॉक्टरांनी मागच्या तपासणीला दडपण एकदम कसं वाढलं म्हणून डोकं खाजवलं होतं, ते यामुळे. साधनाला राग आला, रडू आलं, आणि दोन्ही गिळून तिने सासूला समजावायला घेतलं. ती फाइल देवाची नाही, असली फाइल माझ्या ऑफिसातल्या शंभर यंत्रांत आहे, असं तिने परोपरीने सांगितलं. रोहितला, म्हणजे नवऱ्याला, साइटवर फोन लावला. त्याने पलीकडून सांगितलं की आईला दुखवू नकोस आणि ऑपरेशनही चुकवू नकोस. असला सल्ला द्यायला अक्कल लागत नाही.

हैबतराव ओट्यावर सुपारी कातरत ऐकत होते. सुनेच्या हुशारीचा त्यांना अभिमान होता, गावभर सांगत फिरायचे. पण या बाबतीत ते जागचे हलेनात.

"तुजं खरं असंल, पोरी," ते म्हणाले. "पर कौल झालाय. झाल्याला कौल पुन्यांदा विचारायचा न्हाई, ही हितली रीत हाय. आन् त्या शिकल्याल्या पोरांच्या डबीत फाइल रिकामीच आली, ती तुज्या डोळ्यांदेखत ना?"

"आली, मामा. पण..."

"मग झालं तर."

सासऱ्यांनी जणू महाराजांच्या धंद्याची किल्लीच तिच्या हातात ठेवली होती. चांद्यात कौलाची चाल जुनी. भैरोबाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. ओली पाकळी वाळली की कुठल्या ना कुठल्या बाजूने पडणारच, त्यात देवाने कष्ट घेण्यासारखं काही नाही, पण ते जाऊ दे. एकच प्रश्न दोनदा विचारणं म्हणजे देवाची परीक्षा घेणं, असं गाव मानायचं. म्हणजे महाराजांचा देव एकाच प्रश्नाला आज साधा होकार आणि उद्या विधीवाला होकार देतो, हे कोणाला कधी कळायचीच सोय नव्हती. महाराजांनी दुकान थाटायला चांदेच का निवडलं, हे साधनाला त्या ओट्यावर उमगलं.

पण त्याच रीतीचा दुसरा अर्धा भाग महाराजांनी चौकशी न करताच सोडून दिला होता. कौलाचं जे फूल पडतं, ते ज्याचा कौल त्याने पदरात घ्यायचं आणि घरच्या देव्हाऱ्यात नेऊन ठेवायचं. फूल घरी गेलं नाही तर कौल पुरा झाला असं धरत नाहीत.

साधना मंगळवारी संध्याकाळी जनार्दन गुरवाकडे गेली. भैरोबाची पूजाअर्चा गुरवाकडे, कौल लावायचा मानही त्याचाच. महाराज आल्यापासून त्याच्या पाकळ्यांकडे कुत्रंही फिरकत नव्हतं आणि तो देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत दिवस काढत होता. साधनाने फुलाची आठवण काढली आणि गुरवाचा हात मळता मळता थांबला. तो काही अंधश्रद्धा निर्मूलनाला निघाला नव्हता. त्याच्या पोटावर पाय आला होता, आणि पोटावर पाय आला की माणसाला नियम फार लख्ख आठवतात.

महाराजांचा दरबार रविवारी आणि बुधवारी भरायचा. बुधवारी सकाळी गर्दी आणखी वाढली होती. महाराजांनी शून्याचं माहात्म्य नुकतं सुरू केलं, तोच गुरव खाकरून उभा राहिला.

"महाराज, रंभाबाईचा कौल झाला. फूल कुटं हाय?"

महाराजांना कळेना. गुरवाने रीत सांगितली. म्हाताऱ्या माणसांनी माना डोलावल्या. महाराज हसले, म्हणाले की शून्याला फूल नसतं, शून्य हेच फूल. एरवी हे वाक्य चाललं असतं. पण तेवढ्यात येसाजी धनगर उठला. गेल्या महिन्यात त्याने आपल्या गाभण बकरीचा कौल घेतला होता, आणि देवाने होकार दिला होता. कशाला होकार, ते येसाजीला अजून उलगडलं नव्हतं.

"माज्या बकरीचं फूल बी ऱ्हायलंय," येसाजी म्हणाला.

झालं. पटांगणात कौल घेतलेल्या माणसांना एकाएकी आपापली फुलं आठवली. कोणाच्या नोकरीचं फूल, कोणाच्या सोयरिकीचं, भूगावच्या एका बाईंच्या बंद पडलेल्या लिफ्टचं. अर्धा कौल घेऊन घरी गेलो म्हणूनच काम अडलं, असं जो तो दुसऱ्याला सांगू लागला. महाराज हात वर करून शांत राहा, शांत राहा म्हणत होते, आणि शांत सोडून सगळं होत होतं.

त्या गोंधळात साधना पुढे गेली. तिने महाराजांना वाकून नमस्कार केला, कारण सासरे बघत होते.

"मला काही विचारायचं नाही, महाराज. आत्यांच्या कौलाचं फूल तेवढं न्यायचंय. मी घेते काढून."

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं. साधी साडी, हातात पेनड्राइव्ह. असे किती पेनड्राइव्ह कोरे परत गेले होते. त्यांनी उदारपणे हात पसरला. निषादचा चेहरा मात्र उतरला. उपरण्याखाली काय चालतं, हे महाराजांपेक्षा त्याला जास्त ठाऊक होतं.

साधनाने पहिल्यांदा उपरणं काढून घडी करून पाटावर ठेवलं. मग मागे जाऊन पडद्यावरचं तोरण सोडलं. पानांमागे एक ओळ होती, बुधवारी-रविवारी तिथेच असायची, पण कोणी पाहिलेली नव्हती. साधनाने ती मोठ्याने वाचून दाखवली. प्रॉक, त्यात सिस, त्यात कर्नल, त्यात रँडम, आणि शेवटी यूयूआयडी.

"अक्षय हे नाव महाराजांनी ठेवलंय. घरचं नाव हे," ती म्हणाली. "आता फूल काढते."

तिने पेनड्राइव्ह लावला, पण फाइल माउसने ओढली नाही. काळ्या पडद्यावर एकच आज्ञा टाइप केली: कॅट, म्हणजे वाच, पुढे फाइलचा तो सगळा पत्ता, मग एक बाण, आणि बाणापुढे पेनड्राइव्हमधलं नवं नाव, फूल. एंटर दाबलं. मग त्या नव्या फाइलचं वजन पडद्यावर आणलं.

सदतीस.

शून्याचे सदतीस झाले होते. जो देव हिंजवडीच्या इंजिनिअरांच्या डबीत मावला नाही, तो हैबतरावांच्या सुनेने एका ओळीत उतरवून ठेवला होता. तिने फाइल उघडली. आत आकड्या-अक्षरांची एक ओळ, तिसऱ्या तुकड्यात चार वेदांसकट.

आता खरं तर इथे महाराजांचं पितळ उघडं पडायला हवं होतं. पण माणसांचं काही सांगता येत नाही. महाराज मुरलेले होते. क्षणभर पाचावर धारण बसली, पण पुढच्या क्षणी ते उठले आणि साधनापुढे त्यांनी चक्क साष्टांग दंडवत घातला.

"देवी," ते जमिनीला नाक लावून म्हणाले. "शून्याला आकार देणारी देवी चांद्यात प्रकटली."

आणि पटांगण उसळलं. पहिल्या रांगेतले पट्टेवाले तरुण साधनाच्या पायांकडे झेपावले. भूगावच्या बाईंनी लिफ्टचा प्रश्न तिच्यापुढे मांडला. कोणीतरी नारळ फोडला, त्याचं पाणी साधनाच्या साडीवर उडालं. येसाजीने डोक्याचं मुंडासं काढून तिच्या पायाशी ठेवलं आणि बकरी कधी विणार ते विचारलं. सगळ्यात कहर म्हणजे हैबतराव. आयुष्यभर सुनेपुढे दोन हात अंतर राखून वागलेला तो माणूस हात जोडून, डोळ्यांत पाणी आणून तिच्याकडे बघत होता.

साधनाचं डोकं सणकलं. महाराजांची बुवाबाजी एकवेळ मोडता येईल, पण स्वतःचं देवीपण कसं मोडायचं, हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं. तिने येसाजीचं मुंडासं उचलून त्याच्या हातात दिलं आणि पाटावर जाऊन बसली, देवाच्या जागी, लॅपटॉप शेजारी सरकवून. मग पिशवीतून आपला ऑफिसचा लॅपटॉप काढला. त्याला ना हार, ना टिळा, झाकणावर कंपनीचा आणि भेळेच्या गाडीचा असे दोन स्टिकर.

"येसाजी मामा, तुम्ही आरशात तोंड बघता?"

"बघतो की. दाढीच्या दिवशी."

"आरशात तुमचं तोंड साठवून ठेवलेलं असतं का?"

"न्हाई. म्या म्होरं ग्येलो की दिसतं."

"ही फाइल तशी. हिच्यात काही साठवलेलं नाही, म्हणून वजन शून्य. कोणी वाचायला आलं की यंत्र त्याच क्षणी एक ओळ तयार करतं आणि पुढे करतं. मी जे केलं ते म्हणजे आरशासमोर उभं राहून फोटो काढला. फोटोला वजन असतं, कारण फोटो डबीत साठून राहतो. झालं, एवढंच. यात देवी कुठे आली?"

मग पेनड्राइव्ह कोरा का यायचा, असं पहिल्या रांगेतून एकाने विचारलं. साधनाने त्याला सांगितलं की या लॅपटॉपवर माउसने ओढलं की ओढणारा आधी विचारतो, सामान किती? शून्य असं ऐकलं की तो रिकाम्या हाताने माघारी फिरतो, दार उघडून बघतसुद्धा नाही. कॅट सामान किती हे विचारत बसत नाही, सरळ वाचत सुटतं आणि मिळेल ते डबीत उतरवतं. पोराने मान डोलावली आणि गळ्यातला पट्टा हळूच खिशात घातला.

तिने ते फूल पुन्हा उघडलं. तीच ओळ. पुन्हा उघडलं. तीच. मग अक्षय दोनदा उघडली, आणि दोन्ही वेळा नवी ओळ आली. मग स्वतःच्या लॅपटॉपवर तीच आज्ञा दिली. टिळा नसलेल्या यंत्रातूनही तशीच ओळ निघाली. निघण्याआधीच तिने सांगून टाकलं होतं की तिसऱ्या तुकड्याची सुरुवात चाराने होईल, आणि झाली.

"पुण्याच्या गाडीला एमएच बारा असतं ना, तसा हा चार. या जातीच्या आकड्यांवर तो असायचाच, ठरलेला आहे. बाकीचे आकडे म्हणजे सापशिडीचा फासा. यंत्र फासा टाकतं. तुम्ही प्रश्न विचारला तरी पडतो, न विचारला तरी पडतो. आता मी काय विचारलं?"

कोणीच काही विचारलेलं नव्हतं. पण पडद्यावर उत्तर आलेलं होतं, आणि होकारच होता.

महाराज अंग झाडत उठले आणि म्हणाले की बाईमाणसाच्या स्पर्शाने फाइल विटाळली. हे वाक्य त्यांना महागात पडलं, कारण पटांगणात निम्म्या बायका होत्या. त्यातल्या एका म्हातारीने काठी आपटली. ती रंभाबाई होती.

"येक मला सांगा," रंभाबाई म्हणाल्या. आवाज बारीक होता, पण मागच्या रांगेपर्यंत गेला. "आकडा आला तर व्हय. अक्षर आलं तरी व्हयच, विधी करून. मग न्हाई कशाला म्हनायचं?"

महाराज म्हणाले, देव कृपाळू आहे.

"कृपाळू ऱ्हाऊ द्या. मी इचारलं व्हतं आपरेशन करू का. तुमच्या पोरानं इचारलं टाळू का. आता माजा प्रश्न माज्या तोंडानं इचारते. हा अजून कुनी इचारला न्हाई, त्यामुळं रीत बी मोडत न्हाई."

हैबतरावांनी गुरवाकडे पाहिलं. गुरवाने रीत मोडत नसल्याचं मान हलवून सांगितलं. रंभाबाई लॅपटॉपकडे तोंड करून, अंदाजानेच, कारण त्यांना तो नीट दिसत नव्हता, म्हणाल्या, "देवा, आपरेशन करू का?"

एंटर साधनाने दाबलं नाही. निषादला दाबायला लावलं. ओळ आली, सुरुवातीला इंग्रजी सी.

"होकार," निषाद पुटपुटला. "विधी करून."

"म्हंजी रविवारी टाळ म्हनला, आन् आज कर म्हनतो," रंभाबाई म्हणाल्या. मग नवऱ्याच्या दिशेने वळून त्यांनी सगळ्या गावादेखत सांगितलं, "आमचं मालक असंच हायेत. जमिनीला गिऱ्हाईक आलं की याला बी व्हय, त्याला बी व्हय. म्हनून घरात कुनी त्यांना काय इचारत न्हाई."

पटांगण खो खो हसलं. हैबतरावही हसले, थोडे उशिरा. एकदा हसू फुटलं की बुवाबाजीला बसायला पाट उरत नाही. महाराजांनी लॅपटॉप उचलला, हारासकट, प्लास्टिकच्या कव्हरासकट काखोटीला मारला आणि पाठीमागच्या बाजूने मोटारीकडे चालू लागले. निषाद मागे राहिला होता. त्याने साधनाला हळूच विचारलं की तुमच्या कंपनीत जागा आहे का. साधनाने त्याला विचारलं की त्यागाच्या ताटातली औषधं कुठे ठेवलीत. एका पोत्यात होती. बीपीच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, दम्याचे पंप, आणि तळाशी रंभाबाईंची डोळ्यांची बाटली. हसणारं पटांगण ते पोतं बघून दोन पावलं मागे सरलं. कोणी आपलं औषध उचलायलाही पुढे येईना.

हैबतराव मात्र निघताना अडले. म्हणाले, आता देवानेच कर म्हटलंय म्हटल्यावर उद्याचं ऑपरेशन नक्की.

साधना चिडली. आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांसमोर आवाज चढवून बोलली.

"नाही, मामा. फाशाने टाळ म्हटलं म्हणून टाळायचं नाही, आणि फाशाने कर म्हटलं म्हणून करायचं नाही. या यंत्राने आत्यांच्या डोळ्यात कधी बघितलं तरी आहे का? ज्याने बॅटरी मारून डोळा तपासला, दडपण मोजलं, त्याला विचारा. शंका असेल तर दुसऱ्या डॉक्टरला विचारा, चार प्रश्न जास्त विचारा, तेच प्रश्न दहादा विचारा. खरं उत्तर दहादा विचारलं तरी बदलत नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे गाडीत पहिले जाऊन बसले ते हैबतराव.

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्यावर पट्टी बांधून रंभाबाईंना बाहेर आणलं. काही वेळाने डॉक्टर आले, खुर्ची ओढून बसले. रंभाबाईंनी त्यांना सरळ विचारलं की उजव्या डोळ्याची गेलेली नजर परत येईल का. आणि या पंधरा दिवसांत डाव्याची जी आणखी कमी झाली, ती?

तीर्थाची हकिगत साधनाने डॉक्टरांना सांगितलेली होती.

"नाही, आजी," ते म्हणाले. "गेलेली परत येणार नाही. राहिली आहे ती राखायचा प्रयत्न करू. थेंब चुकवायचे नाहीत."

साधनाच्या डोळ्यांना धार लागली. ते पंधरा दिवस आता कोणीच परत आणणार नव्हतं. रंभाबाईंनी चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"रडू नगंस, पोरी. ह्यो मानूस खरा हाय," त्या म्हणाल्या. "ह्यो न्हाई म्हनाला."

रंभाबाईंना आता डाव्या डोळ्याने समोरचं माणूस ओळखू येतं, कडेचं दिसत नाही. ओट्यावर बसून असतात. चांद्याची माणसं अजून काही ना काही विचारायला साधनाकडे येतात. येसाजीही येऊन गेला, त्याला तिने जनावरांच्या डॉक्टरचा नंबर दिला. पण साधना दिवसभर कामावर, तेव्हा येणाऱ्याची गाठ आधी रंभाबाईंशीच पडते. त्या कोणाला श्रद्धा सोड म्हणत नाहीत, विज्ञान शिकवत नाहीत, त्यांना ते यायचंही नाही. अंगारेवाला असो, ताईतवाला असो की लॅपटॉपवाला, पुढच्या गावात नवा कोणी आल्याची बातमी आली की त्या एवढंच सांगतात, जाताय तर जा, पण गेल्यावर त्याला असं काहीतरी विचारा की ज्याचं उत्तर 'नाही' असंच असायला पाहिजे. आणि तो तरीही व्हय म्हणाला, तर तिथून सरळ उठून या आणि आधी औषध घ्या.